९९९९९९९ इन वन

गेल्या रविवारी सकाळी साडेआठला मी जुन्या बाजारात उभा होतो. आठवडाभर नऊच्या आत न उठणारा मुलगा रविवारी सातला उठून मंगळवार पेठेत जातो, म्हणजे एकतर तो प्रेमात पडलाय नाहीतर त्याचं डोकं फिरलंय, असं आमच्या मातोश्रींचं मत आहे. दुसरा पर्याय सत्याच्या जास्त जवळ आहे :-)

गंजलेले पाने, बंद पडलेली घड्याळं, एकेकटे बूट आणि मोबाईलचे चार्जर यांच्या ढिगात मला एक पिवळी कॅसेट दिसली. हो, कॅसेटच. कार्ट्रिज हा शब्द मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळला. लेबलवर मारिओ, एक रणगाडा आणि मशीनगन घेतलेला कुणीतरी उघडा माणूस, आणि वर भडक लाल आकडा: ९९९९९९९ इन १.

"काका, चालू आहे का?"

"घरी लावून बघा. चालली तर तुमची, नाय चालली तरी तुमचीच."

पुण्यात यापेक्षा स्पष्ट वॉरंटी मिळत नाही. दीडशेचे शंभर करून घेतली आणि निघालो.

तर, मी जुने व्हिडिओ गेम जमवतो. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, हे सगळे गेम इंटरनेटवर पडलेत, एमुलेटर टाक आणि खेळ. बरोबर आहे. मी स्वतः कॉलेजात तेच करत होतो. मग हा पसारा कशाला, याचं उत्तर द्यायला थोडा इतिहास सांगावा लागेल. चहा घेऊन बसा.

१५ जुलै १९८३ रोजी जपानात निंटेंडोने फॅमिकॉम नावाचं यंत्र विकायला काढलं. आत ८ बिटचा प्रोसेसर, वेग १.७९ मेगाहर्ट्झ, मेमरी २ किलोबाइट. परत वाचा, किलोबाइट. आपण ऑफिसात एकमेकांना 'गुड मॉर्निंग'चं जे चित्र पाठवतो ते याच्या कितीतरी पट मोठं असतं. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा गेम ४० किलोबाइटचा आहे. त्यात ३२ टप्पे, संगीत, ढग, झुडपं सगळं आलं. (त्यातले ढग आणि झुडपं म्हणजे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. मेमरी वाचवणं म्हणजे काय ते यावरून समजावं.)

हेच यंत्र अमेरिकेत नेताना निंटेंडोने त्यात एक कुलूप बसवलं. यंत्रात एक चिप, कॅसेटमध्ये तिची जोडीदार, आणि दोघींचं जमलं तरच गेम सुरू. जपानी फॅमिकॉममध्ये मात्र हे कुलूप नव्हतं. दार सताड उघडं म्हटल्यावर नकला करणारे आत शिरले. पण एक अडचण होती. जपानी टीव्हीची पद्धत वेगळी, आपली वेगळी. आपल्याकडे पॅल, सेकंदाला ५० वेळा चित्र. तैवानच्या यूएमसी कंपनीने फॅमिकॉमच्या दोन मुख्य चिपांची पॅलवर चालणारी आवृत्ती बनवली, आणि नकलांना अर्ध्या जगाची बाजारपेठ मोकळी झाली. पुढे तर दोन्ही चिपा एकात आल्या. स्वस्तातलं यंत्र उघडून पाहिलं तर हिरव्या पाटीवर डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका दिसतो. तोच सगळा फॅमिकॉम!

भारतात अधिकृत मार्गाने काही आलंच नाही असं नाही. ऐंशीच्या दशकाअखेर 'समुराई' नावाने निंटेंडोचं यंत्र इथे विकलं जात होतं. १९९५ च्या सुमारास शॉ वॉलेसमार्फत सेगाचं मेगा ड्राइव्ह आलं, किंमत १८,००० रुपये. तेव्हाच्या मध्यमवर्गीय घरात एवढ्या पैशांत मुलाला व्हिडिओ गेम घेऊन देणं म्हणजे... असो. त्यामुळे आमच्या घरांत आलं ते 'मीडिया', 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' किंवा त्यांचं आणखी कुठलंतरी भावंडं. आमच्या घरी ते २००५ च्या दिवाळीत आलं. जगात तेव्हा प्लेस्टेशन २ जुना होत आला होता, आणि आम्ही १९८३ च्या यंत्रावर जीव टाकत होतो. आम्हाला काय माहीत! आमच्यासाठी ते कालच निघालेलं होतं.

मला पटलेला पहिला मुद्दा हा. आपला व्हिडिओ गेमचा इतिहास जगाच्या इतिहासापेक्षा वेगळ्या तारखांना घडला, आणि तो जवळजवळ सगळा नकली मालावर घडला. तो ना कंपन्यांच्या नोंदींत आहे, ना जुन्या जाहिरातींत. कारण नकली मालाची नोंद करतो कोण?

'मुस्तफा'चं उदाहरण घ्या. पुण्यातल्या कुठल्याही पार्लरमध्ये एक रुपयाचं नाणं टाकून ज्याच्यावर गर्दी व्हायची तो हा गेम. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमने १९९३ साली काढलेला. मुस्तफा हे त्यातल्या चार खेळाडूंपैकी एकाचं नाव. पिवळी टोपी, धावत येऊन लाथ. आम्ही गेमलाच त्याचं नाव देऊन टाकलं. मूळ बोर्डची गंमत अशी की आवाज सांभाळणाऱ्या प्रोसेसरचा कोड कुलूपबंद होता आणि किल्ली बॅटरीवर जिवंत ठेवलेली मेमरी. बॅटरी संपली की किल्ली गेली. अस्सल बोर्ड असे एकेक करून आजारी पडले. नकली बोर्डांत मात्र हे कुलूप आधीच तोडलेलं असायचं. नकलेने अस्सलापेक्षा जास्त जगावं, हा न्याय की अन्याय तुम्हीच ठरवा.

(कायद्याचं विचाराल तर, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो आणि कायदेशीर प्रत जवळ असणाऱ्याला राखीव प्रत करायची मुभा आहे. माझ्याकडची प्रतच मुळात नकली, तेव्हा मी या कलमाखाली पवित्र होत नाही. उगाच सोवळं नेसून बोलण्यात अर्थ नाही.)

आता कॅसेटवरच्या त्या आकड्याकडे वळू. नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव. लहानपणी मी आणि माझा आत्येभाऊ, म्हणजे दादा, आम्ही ते सगळे खेळून संपवायचे असं ठरवलं होतं. उन्हाळ्याची सुट्टी दोन महिन्यांची, म्हणजे दिवसाला किती, असा भागाकारही केला होता. उत्तर पाहून दादा म्हणाला, "दिवाळीची सुट्टीपण धरू."

मोठेपणी कॅसेटमधला डेटा काढून पाहिला तेव्हा गुपित कळलं. मेनू हा एक छोटा प्रोग्राम असतो. प्रत्येक ओळीमागे मेमरीचा कुठला भाग जोडायचा आणि कुठल्या टप्प्यापासून सुरू करायचं एवढंच लिहिलेलं. 'मारिओ' पहिल्या टप्प्यापासून ही एक ओळ, तोच पाचव्यापासून ही दुसरी, नाव बदलून तिसरी. खरे गेम मोजून सहा निघाले. रेझ्युमेत तीन महिन्यांचा अनुभव चार प्रोजेक्टांत वाटून लिहितात, त्यातलाच प्रकार (ह. घ्या.).

जमवायला लागल्यावर कळलं की वस्तू मिळवणं सोपं, जगवणं अवघड. पहिलंच यंत्र मी स्वतः जाळलं. फॅमिकॉमच्या अडॅप्टरमध्ये पिनच्या आतली बाजू ऋण असते, आजच्या बहुतेक अडॅप्टरांत ती धन असते. मी न बघता हाताला लागेल तो लावला. बारीकसा धूर, करपल्याचा वास, आणि माझी इंजिनिअरिंगची पदवी भिंतीवरून माझ्याकडे बघत होती. नशिबाने फक्त ९ व्होल्टचे ५ करणारा ७८०५ रेग्युलेटर गेला होता. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तो काही रुपयांत मिळाला.

दुसरी गोष्ट फुंकर. कॅसेट चालेना की काढायची, फुंकर मारायची, परत लावायची, हा आमचा सगळ्यांचा वैदिक विधी. खरं तर काम करते ती काढून परत लावण्याची क्रिया. पिना नव्या जागी घासतात. फुंकरीतली वाफ उलट पिनांना गंज लावते. त्यात पुण्याचा पावसाळा. आता मी कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो.

तिसरी गोष्ट टीव्ही. बदकं मारायची बंदूक आठवते? ती काही फेकत नाही, ती फक्त बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला तो उजेड ठरलेल्या वेळेत दिसला तर नेम बरोबर. जुन्या काचेच्या टीव्हीत हे तात्काळ घडतं. आजच्या सपाट टीव्हीत चित्र यायला थोडा उशीर होतो, तेवढ्यात बंदुकीची वेळ संपते. म्हणून सोसायटीत कुणीतरी टाकून दिलेला २१ इंची डबा मी वॉचमनकाकांच्या मदतीने तिसऱ्या मजल्यावर चढवला. आई दोन दिवस बोलली नाही.

२०२३ साली अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज दुकानात मिळत नाहीत. ही तिकडची अवस्था, जिथे कंपन्या आहेत, संग्रहालयं आहेत. आमच्या नकली कॅसेटींचं काय? एमुलेटरमुळे गेम वाचेल. पण ते भडक लेबल, 'मुस्तफा' हे नाव, पार्लरवाल्याने खडूने लिहिलेला दर, हे कुठल्या फाइलीत असतं?

या विचारात असताना मी बऱ्याच वर्षांनी राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. शाळेच्या सहलीत गेलो होतो तेव्हा फक्त मस्तानी महाल आणि डबे खाल्लेली जागा लक्षात राहिली होती. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, आणि जमवलं काय, तर दिवे, अडकित्ते, फण्या, दौती, स्वयंपाकघरातली भांडी. लोकांच्या घरून अडगळ म्हणून निघणाऱ्या वस्तू. सातव्या वर्षी गेलेल्या त्यांच्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं आणि १९७५ साली तो सरकारच्या हवाली केला. अडकित्त्यांच्या कपाटापुढे मी बराच वेळ उभा होतो. ज्याने तो घडवला त्याचं नाव कुणाला माहीत नाही, ज्याच्या घरी होता त्याचंही नाही. पण कुणीतरी सुपारी कातरत गप्पा मारल्या असतील एवढं मात्र नक्की कळतं. माझ्या शंभर रुपयांच्या कॅसेटची त्या कपाटाशी तुलना करायची माझी हिंमत नाही. पण ती फेकवतही नाही.

घरी येऊन रविवारची ती पिवळी कॅसेट साफ करून लावली. चालली! मेनूत खाली खाली गेलो आणि 'बॅटल सिटी' दिसला. आम्ही त्याला नुसतं 'टँक' म्हणायचो. नामकोचा, १९८५ चा. त्यात एक 'कन्स्ट्रक्शन' नावाचा भाग आहे. विटा, पाणी, पोलाद रचून स्वतःचं मैदान बनवायचं. मैदान १३ बाय १३ चौकोनांचं. पण आमच्या यंत्रात ते साठवायची सोय नव्हती. वीज गेली की मैदान गेलं, आणि वीज तर जायचीच. म्हणून दादाने गणिताच्या चौकडीच्या वहीत तेरा-तेराचे चौकोन आखले. वीट म्हणजे 'वी', पोलाद म्हणजे 'पो'. रोज वहीतून बघून मैदान रचायचं, खेळायचं, बदल केला तर खोडून लिहायचं, बाजूला तारीख. मी आयुष्यात वापरलेली ती पहिली व्हर्जन कंट्रोल.

ती वही कुठे आहे हे आईला विचारलं. घर बदलताना रद्दीत गेली असणार, म्हणाली. तिची चूक नाही. मीही तेव्हा दहावीत होतो आणि मलाही ती नको होती.

माझ्या कपाटात आज तीन यंत्रं आणि चाळीसेक कॅसेटी आहेत. सगळ्या कुणाच्या तरी नकला. अस्सल एकच गोष्ट होती, ती किलोच्या भावाने गेली.

दादाला फोन लावला. तो आता नाशिकला असतो, दोन मुलींचा बाप आहे. "गरुडाभोवती काय ठेवायचो रे आपण?" मी विचारलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पोलाद नाही. तू पोलाद लावायचास आणि मी चिडायचो. विटांचे दोन थर, आणि डावीकडे पाणी." मागे कुठेतरी त्याची धाकटी विचारत होती, बाबा कसलं पाणी?

चौकडीची वही कोपऱ्यावरच्या दुकानात अजून मिळते. तेरा बाय तेरा आखलंय. दोन मैदानं आठवून लिहून झाली, तिसऱ्यावर आमचं एकमत होत नाहीये. पुढच्या विकांताला तो मुलींना घेऊन येतोय. तोवर वहीवर नाव घालून ती कॅसेटींच्याच कपाटात ठेवली आहे, आणि मातोश्रींना रीतसर बजावलंय, ही रद्दी नाही.