हायडन आणि तुतारीचे मुके स्वर

मंगलप्रसंगी शिंग-तुतारीचा नाद ज्याच्या कानी पडला नाही, असे कुटुंब आपल्या समाजात विरळाच. परंतु तुतारीवर एखादी चीज वाजविलेली कोणी ऐकली आहे काय? हा दोष वादकाचा नव्हे. त्याचे कारण वाद्याच्या घडणीत आहे.

ज्या नळीला भोके नाहीत, तिच्यातून फुंक व ओठ यांच्या बळावर ठराविक स्वरच निघतात: सा, प, वरचा सा, मग ग आणि प. यांमधील रे, म, ध तेथे मुके असतात. पायरीपायरीने चढणारे स्वर अगदी वरच्या सप्तकात सापडतात. अठराव्या शतकापर्यंत युरोपातील तुतारीही अशीच होती.

व्हिएन्नाचा दरबारी तुतारीवादक आंटोन वायडिंगर याने नळीला भोके पाडून त्यांवर झडपा बसविलेली तुतारी सिद्ध केली. तिच्यासाठी १७९६ साली योझेफ हायडनने वाद्यवृंदासह तीन भागांची रचना केली. हायडन हा गाड्यांची चाके घडविणाऱ्या कारागिराचा पुत्र. हत्याराचा गुण ओळखूनच काम योजावे, हा संस्कार त्याला घरीच लाभला असावा.

त्याची योजना पाहण्याजोगी आहे. प्रस्तावनेत तुतारीकडून जुन्या वाद्यालाही साधणारे मोजकेच स्वर येतात. नंतर ती एकटी पुढे येते आणि खालच्या भागातच सा, रे, ग असे सरळ पायरीने गाऊ लागते! दुसरा भाग तर हायडनने तुतारीच्या मध्यमालाच षड्ज मानून बांधला. हा शुद्ध मध्यम जुन्या तुतारीत सुरेल मिळतच नसे. २८ मार्च १८०० रोजी वायडिंगरने ही रचना व्हिएन्नात जाहीरपणे वाजविली.

भोके उघडताच नाद मंद होई, हे त्या वाद्याचे वैगुण्य होते. १८१८ साली श्ट्योल्त्सेल व ब्ल्यूमेल यांना प्रशियात व्हाल्व्हचे पेटंट मिळाले आणि पुढे वायडिंगरची तुतारी मागे पडली. रचना मात्र टिकली. आज ती व्हाल्व्हच्या तुतारीवर जगभर वाजते.

पितळी वाद्यासाठी उत्तम रचना करणे म्हणजे केवळ मोठा आवाज काढविणे नव्हे. वाद्याला काय साधते, काय साधत नाही आणि वादकाने कष्टाने काय नवे मिळविले आहे, हे जाणून घेणे ही तिची पहिली पायरी होय. हायडनची कीर्ती सर्वतोमुखी आहे. वायडिंगरचे नाव थोड्यांनाच ठाऊक. बंधुभगिनींनो, कारागिराच्या हातांवर वाढलेल्या आपल्या घरांनी तरी ते दुसरे नाव विसरू नये.