थिबा राजाचं घर : रत्नागिरीतली ३३ वर्षं

आज रत्नागिरीबद्दल बोलायचंय आणि आंब्याचा विषय अजिबात काढायचा नाहीये. थिबा पॅलेस तुम्ही पाहिला असेल, निदान रीलमध्ये तरी. लाल इमारत, अर्धगोल लाकडी खिडक्या, रंगीत काचा आणि दूरवर खाडी-समुद्र. तिथे गेलेल्या प्रत्येकाला एक वाक्य ऐकवलं जातं : ब्रह्मदेशचा राजा इथे बसून समुद्रातली जहाजं बघायचा.

आता जरा हिशेब करू. थिबा रत्नागिरीत आला एप्रिल १८८६ मध्ये. इथेच वारला डिसेंबर १९१६ मध्ये. म्हणजे साडेतीस वर्षं. आणि तो पॅलेस राहण्याजोगा झाला १९१० मध्ये. म्हणजे त्याच्या वाट्याला तो आला जेमतेम सहा वर्षं. त्याआधीची चोवीस वर्षं हे कुटुंब सरकारने दिलेल्या बंगल्यांमध्ये राहिलं. मुली तिथे वाढल्या, भांडणं तिथे झाली, चूल तिथे पेटली. आपण फोटो काढतो तो शेवटच्या सहा वर्षांचा. मला बाकीच्या चोवीस वर्षांत जास्त रस आहे. कारण राजा, मुकुट वगैरे बाजूला ठेवलं तर ही परदेशात राहणाऱ्या एका कुटुंबाची गोष्ट आहे, आणि आपल्यातले निम्मे लोक आज तेच करतायत.

इथवरचा प्रवास पटकन सांगतो. थिबा १८७८ मध्ये मंडालेच्या गादीवर आला, तेव्हा तो विशीतही नव्हता. पुढच्याच वर्षी गादीवर दावा सांगू शकतील अशा डझनावारी नातेवाइकांची कत्तल झाली, त्यामुळे ‘बिचारा राजा’ असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं. लढाई दोन आठवडेसुद्धा धड चालली नाही. राजा, थोरली राणी सुपायालत, धाकटी राणी सुपायागले आणि दोन लहान मुली यांना बोटीत बसवून आधी रंगून आणि मग मद्रासला नेलं. तिसरी मुलगी मद्रासला झाली. तिथून रत्नागिरी. चौथी मुलगी इथे, १८८७ मध्ये जन्मली. म्हणजे चार बहिणींपैकी एक अस्सल रत्नागिरीकर.

रत्नागिरीच का? नकाशा बघा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, रेल्वे नाही (ती यायला पुढे शंभरेक वर्षं लागली, कोकण रेल्वे आली १९९० च्या दशकात), आणि पावसाळ्यात बोटी बंद. चार महिने गावच कुलूपबंद. राजाला लपवायला याहून चांगली जागा कुठली? इंग्रजांनी हा प्रयोग उलट्या दिशेने आधी केलाच होता. १८५८ मध्ये बहादूरशहा जफरला दिल्लीहून रंगूनला पाठवलं, तो तिथेच १८६२ मध्ये वारला.

आणखी एक उलटसुलट प्रकार आपल्या घरचा. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, १८५६ चा. त्यांना १९०८ ते १९१४ कुठे ठेवलं? मंडालेला! तेही थिबाच्याच जुन्या किल्ल्याच्या आवारातल्या तुरुंगात. म्हणजे सहा वर्षं मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेत. टिळकांना मधुमेह होता, खाण्याची पथ्यं कडक, म्हणून स्वयंपाकाला एक मराठी कैदी सोबत दिला होता. ‘गीतारहस्य’ तिथे लिहिलं गेलं हे सगळ्यांना माहीत असतं, पण रोज ताटात काय पडतं हा प्रश्न लोकमान्यांनाही चुकला नव्हता.

तर ताटाकडे येऊ. मंडाले काही समुद्रकाठी नाही, ते इरावतीच्या काठचं कोरडं शहर. पण ब्रह्मी ताट आणि कोकणी ताट शेजारी ठेवा. दोन्हीकडे भात मुख्य. दोन्हीकडे मासे. त्यांच्याकडे ‘ङापी’ असते, म्हणजे मासे किंवा कोळंबी मीठ घालून आंबवून केलेलं वाटण. वास असा की शेजाऱ्याला कळतं. आपल्याकडे सुकट भाजली की तेच होतं. नारळ दोन्हीकडे, गूळ दोन्हीकडे. माझं मत असं की त्या घरातल्यांना राज्य परकं झालं, माणसं परकी झाली, पण जिभेवर रत्नागिरी फार जड गेली नसणार.

आणि आता माझा आवडता भाग : भाजणं. म्हणजे ज्याला आपण बेकिंग म्हणतो ते.

कोकणातल्या घरात ओव्हन नव्हता. नानकटाई करायची तर पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं. पण घरात बेकिंग नव्हतं असं कुणी म्हणालं तर त्याला धोंडस खायला घाला. श्रावण-भाद्रपदात वेलावर मोठ्ठं तवसं जून होतं. ते किसायचं, भाजलेल्या कणीत किंवा रव्यात गूळ, ओलं खोबरं, मीठ, वेलची घालून त्याच पाण्यात शिजवायचं. मग जाड बुडाच्या टोपात थापायचं, झाकण घालायचं, खाली मंद विस्तव आणि झाकणावर रसरशीत निखारे. करवंटीचे असले तर उत्तम. खालून भांड्याच्या स्पर्शाने उष्णता, वरून झाकण तापून खाली फेकलेली उष्णता. गूळ वरच्या थरावर करपायच्या एक पायरी आधी थांबतो आणि तो तपकिरी पापुद्रा मिळतो, ज्यावरून भावंडांची मारामारी होते. गोव्यात याच पदार्थाला तवसळी म्हणतात.

ब्रह्मदेशात काय करतात? ‘सानविन मकीन’ नावाचा त्यांचा रव्याचा केक आहे. रवा, नारळाचं दूध, साखर, वरून खसखस. जुनी पद्धत : खाली विस्तव, झाकणावर निखारे. ‘बेइन मोंट’ नावाची तांदळाच्या पिठाची, गूळ-खोबऱ्याची जाड पोळी आहे. तीसुद्धा खाली निखारे, वर निखारे. बंगालचा अख्खा उपसागर आणि त्यावर अर्धा हिंदुस्थान मध्ये, आणि दोन्हीकडच्या बायकांनी ओव्हनशिवाय ओव्हन बनवलाय. तोही एकाच पद्धतीने.

मी दीड वर्ष जर्मनीत ऑनसाइट होतो, तेव्हा हे डोक्यात पक्कं बसलं. तिथल्या ओव्हनच्या नॉबवर एक चिन्ह असतं : चौकोनात वर एक आडवी रेघ, खाली एक आडवी रेघ. म्हणजे वरून आणि खालून उष्णता. वर निखारे, खाली निखारे! त्या चिन्हावर मी सॅलडच्या पाणचट काकडीचं आणि इंडियन स्टोअरमधल्या गुळाचं धोंडस केलंय. चव जमली सत्तर टक्के. पापुद्रा मात्र शंभर टक्के.

बरं, घरात परत येऊ. घर चालायचं कशावर? सरकारी पेन्शनवर. खर्चावर लक्ष ठेवायला सरकारी अधिकारी. पेन्शन पुरायची नाही, कारण राजघराण्याचा खर्चाचा हात राजघराण्याचाच राहिला. मग मंडालेहून आणलेली रत्नं एकेक करून विकली जायला लागली. मिळेल त्या भावात. ज्यांनी परदेशात सेव्हिंग मोडून भाडं भरलंय त्यांना ही भावना समजावून सांगायला नको.

आई-वडिलांच्या डोक्यात हे घर कायम तात्पुरतं होतं. आज ना उद्या परत जायचं. सुपायालत स्वाभिमानी बाई, मंडालेत तिच्या शब्दाबाहेर पान हलत नसे अशी तिची ख्याती. तिने रत्नागिरीत दरबारी रीत जमेल तेवढी पाळायला लावली. राजाने मुलींचे कान टोचण्याचा समारंभ केला. ब्रह्मी लोकांत हा मुलगी वयात येण्याचा संस्कार असतो, आपल्यासारखं बारशाच्या आसपास उरकून टाकायचं काम नव्हे.

मुलींचं काय? त्यांच्यासाठी हे तात्पुरतं नव्हतंच. बरोबर आलेली ब्रह्मी माणसं हळूहळू परत गेली आणि त्यांच्या जागी गावातली माणसं कामाला आली. मुली त्यांच्यातच वाढल्या आणि मराठी बोलायला लागल्या. शाळा अशी धड कधी मिळाली नाही. इंग्रज सरकारला चार राजकन्यांच्या शिक्षणाची घाई नव्हती, आणि आई-वडिलांना बाहेरच्या मुलांमध्ये त्यांना मिसळू द्यायचं नव्हतं. लग्नाचंही तेच. शोभेलसं राजरक्ताचं स्थळ रत्नागिरीत कुठून येणार? आणि शोभत नाही ते चालणार नाही. विशी गेली, तिशी आली, मुली घरातच. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त राग इथे येतो. इंग्रजांनी बाहेरचं दार लावलं हे खरंच. पण आतल्या खोलीची कडी आई-वडिलांनी लावली होती.

ती कडी थोरलीने काढली. पॅलेस बांधून व्हायच्या आधीच. घरच्या नोकरीतल्या गोपाळ सावंत या दरवानावर तिचं प्रेम बसलं. त्याचं आधी लग्न झालेलं होतं. तिला त्याच्यापासून मुलगी झाली, तुतू. घरात काय आगडोंब उसळला असेल याची कल्पना करा. पण मुलगी वाढली त्याच घरात, आजी-आजोबांच्या डोळ्यांसमोर. पुढे राजा गेल्यावर, १९१७ मध्ये, दुसरीनेही बंड केलं. राजाचा सेक्रेटरी राहिलेल्या खिन मौंग जी याच्याशी पळून जाऊन लग्न केलं आणि ती दोघं कालिम्पाँगला स्थायिक झाली. आईने ते मनाला लावून घेतलं ते कायमचं.

राजाच्या मृत्यूनंतरचा हट्ट तर वाचून अंगावर काटा येतो. सुपायालत म्हणाली, इथे पुरायचं नाही, मंडालेला न्यायचं. धाकटी राणी १९१२ मध्ये वारली होती, तिचंही दफन झालेलं नव्हतं. दोन शवपेट्या आवारात आणि पत्रव्यवहार चालू. सरकारने परवानगी दिली नाही. शेवटी १९१९ मध्ये दोघांना रत्नागिरीतच पुरलं आणि त्याच वर्षी उरलेल्या कुटुंबाला ब्रह्मदेशात परतायची मुभा मिळाली. तेही मंडालेला नाही, रंगूनला. सुपायालत तिथेच १९२५ मध्ये वारली.

म्हणजे ३३ वर्षं जिची वाट पाहिली ती बोट आली. थोरलीसुद्धा त्या बोटीत चढली, लेकीला घेऊन. आणि मग काय केलं तिने? फार दिवस न काढता ती लेकीसह रत्नागिरीला परत आली. मंडाले सोडलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. रंगूनला पोचली ती चाळिशीला टेकलेली बाई. आई-वडिलांसाठी ती घरवापसी होती. तिच्यासाठी ते परदेशातलं नवीन गाव होतं, आणि तिचं माणूस रत्नागिरीत होतं. सिनेमावाले याला प्रेमकथा म्हणतील. मला वाटतं तिला दोन्ही गावं दिसत होती आणि तिने त्यातलं एक निवडलं. किंमत माहीत असूनसुद्धा.

किंमत मोठी होती. थोरली १९४७ मध्ये रत्नागिरीत वारली, गरिबीत. तुतू इथेच वाढली, तिचं लग्न इथल्याच मराठी माणसाशी झालं, पोरंबाळं झाली. ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाची नात मराठीत भांडायची, मराठीत पोरांना रागवायची, आणि संसाराला हातभार म्हणून गोवऱ्या थापून विकायची. लिहिण्या-वाचण्याशी तिचा फारसा संबंध आला नाही. आईला शाळा मिळाली नाही, लेकीलाही नाही. राजघराण्याच्या पडझडीत मला रत्नांपेक्षा हा तोटा मोठा वाटतो, कारण रत्नं विकली गेली तेव्हा निदान बदल्यात पैसे तरी आले.

तुतू वारली २००० मध्ये. योगायोग बघा, त्याच वर्षी अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ ही कादंबरी आली आणि रत्नागिरीतलं हे घराणं जगभरच्या वाचकांना कळलं. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले, राजाच्या समाधीवर नतमस्तक झाले. समाधी शिवाजीनगर भागात आहे. आजूबाजूला साधी वस्ती, शेजारी धाकट्या राणीची समाधी. पॅलेसला जाणारे बहुतेक लोक तिकडे फिरकतही नाहीत. जाणार असाल तर भाद्रपदात जा, आणि कुणाच्या घरी तवसं किसत असेल तर थोडं थांबा.