केटीएमवरील बजाज ऑटोचे नियंत्रण

पुणे येथील बजाज ऑटो या दुचाकी व तीनचाकी वाहने बनवणाऱ्या कंपनीने १८ नोव्हेंबर २०२५ रोजी ऑस्ट्रियातील केटीएम या स्पोर्ट्स मोटारसायकल उत्पादक समूहाचे नियंत्रण मिळवले. त्यापूर्वी अठरा वर्षे बजाज ऑटो या समूहात भागीदार होती, मात्र निर्णायक अधिकार तिच्याकडे नव्हता. २०२४ च्या अखेरीस केटीएम दिवाळखोरीत गेल्यानंतर बजाजने कर्जरूपाने पुरवलेला पैसा या सत्तांतराचे मुख्य कारण ठरला.

पार्श्वभूमी

बजाज ऑटोची स्थापना २९ नोव्हेंबर १९४५ रोजी बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने झाली. आरंभी ही कंपनी परदेशी स्कूटर आयात करून विकत असे. उत्पादनाचा परवाना मिळाल्यावर इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्याखाली आकुर्डी येथे व्हेस्पा स्कूटर तयार होऊ लागल्या. हा करार १९७१ मध्ये संपला आणि त्यानंतर 'चेतक' बाजारात आली. पुढे जपानच्या कावासाकीशी सहकार्य झाले. २००१ मधील 'पल्सर'पासून कंपनीचा भर स्कूटरवरून मोटारसायकलवर गेला. युरोपीय तंत्रज्ञान उसने घेऊन उभ्या राहिलेल्या या कंपनीचा पुढचा प्रवास नेमका उलट्या दिशेने झाला.

केटीएमचा उगम हान्स ट्रुंकेनपोल्झ यांनी १९३४ मध्ये मॅटिगहोफेन या गावी काढलेल्या दुरुस्तीच्या दुकानात आहे. अर्न्स्ट क्रोनराइफ भागीदार झाल्यावर दोघांच्या आडनावांची आणि गावाची आद्याक्षरे मिळून कंपनीचे नाव बनले. १९९१ मध्ये कंपनी दिवाळखोर झाली, तिचे तुकडे करण्यात आले आणि मोटारसायकल विभाग उद्योगपती श्टेफान पिरर यांच्या समूहाकडे गेला. त्यांच्या कारकिर्दीत केटीएमने २००१ ते २०१९ या काळात डकार रॅलीची मोटारसायकल गटातील सलग १८ विजेतेपदे मिळवली. 'एक्स-बो' ही स्पोर्ट्स कारही याच काळातली. २०१३ मध्ये हुस्क्वार्ना हा जुना स्वीडिश ब्रँड पिरर यांनी बीएमडब्ल्यूकडून घेतला, तर स्पेनचा गॅसगॅस त्यानंतर आला.

भागीदारी (२००७–२०२४)

नोव्हेंबर २००७ मध्ये बजाज ऑटोने नेदरलँड्समधील आपल्या उपकंपनीमार्फत केटीएमचे १४.५ टक्के समभाग घेतले. पुढील काही वर्षांत हा हिस्सा सुमारे ४८ टक्क्यांवर गेला. गुंतवणुकीइतकीच महत्त्वाची होती ती कामाची विभागणी. मोठ्या क्षमतेच्या मोटारसायकली मॅटिगहोफेन येथे, तर लहान क्षमतेच्या खेड तालुक्यातील चाकण येथे तयार होऊ लागल्या. २०११ मध्ये चाकणहून '१२५ ड्यूक' युरोपात रवाना झाली. जानेवारी २०१२ मध्ये '२०० ड्यूक' भारतात १ लाख १७ हजार रुपये किमतीला आली आणि वर्षभराने '३९० ड्यूक'. शर्यतीच्या मैदानावरचे नारिंगी रंगाचे नाव त्यामुळे महाविद्यालयीन तरुणांच्या आवाक्यात आले. जानेवारी २०२३ मध्ये चाकण येथे दहा लाखावी केटीएम तयार झाली.

उत्पादनात एवढा वाटा असूनही मालकीचे गणित वेगळे होते. २०२१ मधील पुनर्रचनेत बजाजने केटीएममधील ४६.५ टक्के समभाग देऊन पिरर बजाज या धारक कंपनीचे ४९.९ टक्के समभाग घेतले. उरलेले ५०.१ टक्के पिरर यांच्या उद्योगसमूहाकडे राहिले. या धारक कंपनीकडे शेअर बाजारात नोंदलेल्या पिरर मोबिलिटीचे सुमारे ७५ टक्के समभाग होते आणि पिरर मोबिलिटीकडे केटीएम होती. म्हणजे धारक कंपनीत दोन दशांश टक्क्यांच्या फरकाने बजाज दुय्यम भागीदार ठरत होती, आणि पिरर मोबिलिटीतील तिचा अप्रत्यक्ष हिस्सा साधारण ३७.५ टक्के भरत होता.

दिवाळखोरी

करोना साथीच्या काळात दुचाकींची मागणी वाढली आणि केटीएमने त्या वेगाने उत्पादन वाढवले. २०२३ मध्ये समूहाने ३ लाख ८१ हजारांहून अधिक मोटारसायकली विकल्या. मागणी ओसरल्यावरही उत्पादन त्या प्रमाणात आवरले गेले नाही. गोदामांत व विक्रेत्यांकडे न विकलेल्या गाड्या साचल्या आणि व्याजदर चढे असताना कर्जाचा बोजा वाढत गेला. इटलीच्या एमव्ही ऑगस्टामध्ये बहुसंख्य हिस्सा घेणे, सायकलींच्या व्यवसायात शिरणे असे विस्तारही याच काळात सुरू होते. धंदा शिखरावर असताना घेतलेले हे निर्णय पुढे जड गेले.

२९ नोव्हेंबर २०२४ रोजी केटीएम व तिच्या दोन उपकंपन्यांनी ऑस्ट्रियातील न्यायालयात स्वप्रशासनासह पुनर्रचनेसाठी अर्ज केला. या प्रक्रियेत न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाच्या देखरेखीखाली जुने व्यवस्थापनच कारभार पाहते. मॅटिगहोफेनमधील उत्पादन डिसेंबरमध्ये थांबले, शेकडो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या आणि पुरवठादारांची देणी अडकली. चाकणला वेगळ्या प्रकारे फटका बसला. कारखाना चालू होता, पण केटीएमसाठी होणारी निर्यात घटली. जानेवारी २०२५ मध्ये पिरर यांनी मुख्य कार्यकारी अधिकारीपद सोडले आणि गॉटफ्रीड नॉयमायस्टर त्या जागी आले.

२५ फेब्रुवारी २०२५ रोजी धनकोंनी पुनर्रचनेची योजना मान्य केली. त्यांना मान्य दाव्यांच्या ३० टक्के रक्कम रोख मिळणार होती आणि त्यासाठी मे अखेरच्या आठवड्याआधी सुमारे ५५ कोटी युरो जमा करणे आवश्यक होते. पैसा वेळेत आला नसता तर योजना कोसळली असती.

नियंत्रण

हा पैसा बजाजने दिला. आधी पुरवलेल्या २० कोटी युरोंसह एकूण ८० कोटी युरोंचे, म्हणजे सुमारे पावणेआठ हजार कोटी रुपयांचे अर्थसाहाय्य मे २०२५ मध्ये जाहीर झाले. कर्जाबरोबरच पिरर यांच्याकडील ५०.१ टक्के समभाग खरेदी करण्याचा हक्कही बजाजला मिळाला. आवश्यक नियामक परवानग्या मिळाल्यावर नोव्हेंबरमध्ये तो वापरण्यात आला. पिरर बजाज ही धारक कंपनी पूर्णपणे बजाजची झाली आणि तिच्यामार्फत पिरर मोबिलिटीतील सुमारे ७५ टक्के हिस्सा बजाजकडे आला. त्यानंतर पिरर मोबिलिटीचे नाव बजाज मोबिलिटी करण्याचा निर्णय झाला. एमव्ही ऑगस्टामधून समूह त्याआधीच बाहेर पडला होता.

तुलना

वाहन उद्योगातील गाजलेला नियंत्रणसंघर्ष म्हणजे पोर्शे आणि फोक्सवॅगन यांचा. पोर्शे या लहान स्पोर्ट्स कार कंपनीने २००५ पासून कितीतरी मोठ्या फोक्सवॅगनचे समभाग घेत जानेवारी २००९ मध्ये निम्म्याचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षी मार्चमध्ये फोक्सवॅगनच्या चाकण येथील कारखान्याचे उद्घाटन झाले. मात्र समभागांसाठी काढलेले कर्ज पेलवेना, आणि अखेर पोर्शेचा मोटार व्यवसायच २०१२ पर्यंत फोक्सवॅगनमध्ये सामावला गेला. पोर्शे व पिएश कुटुंबांची धारक कंपनी मात्र फोक्सवॅगनमधील बहुसंख्य मताधिकार राखून आहे. बजाज आणि केटीएम यांच्यात आकाराचे नाते उलटे होते. २०२३-२४ मध्ये बजाजने ४० लाखांहून अधिक वाहने विकली होती. पोर्शेला कर्जाने अडवले, बजाजला दुसऱ्याच्या कर्जाने वाट मोकळी करून दिली.

पुढील प्रश्न

युरोपात उत्पादन करणे परवडणारे राहिलेले नाही, असे मत बजाज ऑटोचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी जाहीरपणे मांडले आहे. केटीएमचा खर्च मोठ्या प्रमाणात कमी करण्यावर नव्या मालकांचा भर आहे. मोठ्या इंजिनांच्या मोटारसायकली व संशोधन मॅटिगहोफेनमध्ये किती राहील आणि चाकणकडे किती येईल, याकडे दोन्ही ठिकाणच्या कामगारांचे व पुरवठादारांचे लक्ष लागलेले आहे.