जुन्या स्पोर्ट्स कारला नवा आवाज देताना

मोटारीतील संगीत ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मात्र, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या स्पोर्ट्स कारमध्ये नवी म्युझिक सिस्टिम बसविणे हे काम वाटते तितके सोपे नाही. दुकानात मिळणारा सर्वांत महागडा संच आणून जोडला, की आवाज सुधारेल, अशी समजूत असते. प्रत्यक्षात पैसे खर्च होतात, दाराचे मूळ आवरण कापले जाते आणि महामार्गावर गाणे पूर्वीइतकेच अस्पष्ट ऐकू येते. कधी कधी तर याच कामातून वायर जळण्याचा धोका निर्माण होतो. हे टाळायचे असेल, तर कामाचा क्रम बदलावा लागतो. आधी गाडीची वायरिंग आणि दारे, मग स्पीकर, त्यानंतर अॅम्प्लिफायर आणि सर्वांत शेवटी डॅशबोर्डवरचा संच, असा तो क्रम आहे.

या विषयाचे उत्तम उदाहरण म्हणजे जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनी, उघड्या छताची कार. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो येथील मोटार प्रदर्शनात ती प्रथम दाखविण्यात आली. अमेरिकेत ती ‘मियाटा’, तर जपानमध्ये ‘युनोस रोडस्टर’ या नावाने ओळखली गेली. १९९७ पर्यंत चाललेल्या पहिल्या पिढीच्या सुमारे ४ लाख ३१ हजार गाड्या तयार झाल्या. त्यांपैकी अनेक गाड्या आजही रस्त्यावर आहेत आणि त्यांचे मालक त्यांत नवा संच बसविण्याचा विचार करीत असतात.

आवाज हरवतो कोठे?

बंद मोटारीत काचा आणि छत बाहेरचा गोंगाट अडवितात. कापडी छताच्या गाडीत हा अडसर कमी असतो आणि छत उघडल्यावर तो उरतच नाही. वारा आणि टायर यांचा घोंगावणारा आवाज प्रामुख्याने खालच्या पट्टीतील असतो. त्यामुळे संगीतातील खर्ज सर्वप्रथम झाकला जातो. तबल्याचा बायाँ किंवा बास गिटार ऐकू येईनासे होते आणि फक्त झांजांची किणकिण उरते. मग चालक आवाज वाढवितो. छोटा अॅम्प्लिफायर त्याच्या क्षमतेबाहेर जातो, ध्वनिलहरींची टोके कापली जातात व आवाज फाटतो. उंच पट्टीचे छोटे स्पीकर अर्थात ट्विटर अशा वेळीच निकामी होतात. म्हणजेच, ‘आवाज कमी पडतो’ ही तक्रार मुळात ‘खर्ज पोचत नाही’ अशी असते आणि तिचे उत्तर बहुतेक वेळा डॅशबोर्डवर नव्हे, तर दारात सापडते.

प्रथम गाडी तपासावी

नवीन वस्तू खरेदी करण्यापूर्वी जुन्या गाडीची विद्युतरचना जाणून घेणे आवश्यक आहे. पोर्श ३५६ सारख्या काही जुन्या गाड्या ६ व्होल्टवर चालत. ब्रिटनच्या एमजीबी या गाडीत १९६७ पर्यंत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आजचे संच १२ व्होल्ट आणि ऋण टोक सांगाड्याला, या रचनेसाठी बनविलेले असतात. उलट जोडणी झाल्यास ते क्षणात जळतात.

दुसरी अडचण कंपनीने बसविलेल्या खास यंत्रणांची. १९८४ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये मिळणाऱ्या बोस यंत्रणेत प्रत्येक स्पीकरच्या पेटीतच त्याचा स्वतंत्र अॅम्प्लिफायर होता. अशा गाडीत केवळ रेडिओ बदलून जुन्या वायरी नव्या संचाला थेट जोडता येत नाहीत. त्याआधीच्या अनेक गाड्यांत दोन स्पीकरना एकच सामाईक परतीची वायर असे. आधुनिक संचाला ही पद्धत मुळीच चालत नाही. त्याच्या प्रत्येक स्पीकरसाठी दोन स्वतंत्र वायरी लागतात.

एमएक्स-५ मध्ये १२ व्होल्टची नेहमीची रचना असल्याने हा प्रश्न येत नाही. मात्र, तीन दशकांत अनेक हातांनी जोडलेल्या वायरी, चिकटपट्टीने गुंडाळलेले सांधे आणि चुकीचे फ्यूज या गाड्यांतही आढळतात. ते आधी काढून टाकावेत. मूळ वायरी कापू नयेत. गाडीचा मूळ प्लग आणि नवा संच यांच्यामध्ये बसणारी जोडवायर मिळते, तीच वापरावी. बाजारातील बहुतेक संचांत वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळी वायर बॅटरीची, लाल चावीची आणि काळी सांगाड्याची. पुढच्या डाव्या स्पीकरला पांढरी, उजव्याला राखाडी. मागच्या डाव्याला हिरवी, उजव्याला जांभळी. याच रंगांवर काळी रेघ असलेली वायर त्या त्या स्पीकरच्या ऋण टोकाची असते. एका स्पीकरची टोके उलट जोडली गेली, तरी दोन्ही बाजूंचा खर्ज एकमेकांना मारतो. ही चूक फार नेहमीची असून ती दुरुस्त करायला पैसाही लागत नाही.

दार हीच स्पीकरची पेटी

पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये दोन्ही दारांच्या खालच्या भागात ६.५ इंची स्पीकर असतात. काही गाड्यांत सीटच्या हेडरेस्टमध्येही छोटे स्पीकर बसविलेले होते. छत उघडे असताना ते कानाजवळ असल्याने गायकाचा आवाज स्पष्ट पोचतो. उघड्या गाडीसाठी ही कल्पना आजही उपयुक्त आहे.

दारातील स्पीकर निवडताना व्यासाइतकीच खोली महत्त्वाची ठरते. काच खाली येते ती स्पीकरच्या चुंबकामागूनच. खोल चुंबकाचा स्पीकर बसविला, तर काच त्यावर आदळते. त्यासाठी उथळ स्पीकर घ्यावा किंवा खाली जाड कडे बसवून तो पुढे आणावा. पत्रा कापण्याची गरज पडू नये. दाराच्या आत पाणी झिरपत असते. म्हणून कागदी कोनापेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणि फोमपेक्षा रबराची किनार अधिक टिकते.

स्पीकरच्या कोनाच्या पुढून आणि मागून निघणाऱ्या लहरी परस्परविरोधी असतात. दाराच्या आतील पत्र्याला मोठी भोके उघडी राहिली, तर या लहरी एकत्र येऊन खर्ज नाहीसा होतो. ही भोके बंद करणे आणि थरथरणाऱ्या पत्र्यावर ब्यूटिल रबराची पट्टी चिकटविणे, या दोन साध्या गोष्टींनी पडणारा फरक अनेकदा नव्या स्पीकरपेक्षाही मोठा असतो. पट्टी संपूर्ण दारभर लावण्याची आवश्यकता नाही. पत्र्याचा सुमारे चौथा भाग झाकला, तरी थरथर बरीच कमी होते. दारातील पाणी अडविणारा प्लॅस्टिकचा पडदा मात्र पुन्हा नीट चिकटवावा. तो फाटलेला राहिल्यास पाणी आतल्या आवरणावर उतरते व ते फुगते. दाराच्या तळाशी असलेली पाणी निघण्याची छिद्रेही बुजवू नयेत.

वॉटचे गणित

संचाच्या खोक्यावर ‘५० वॉट गुणिले ४’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. गाडी सुरू असताना विद्युतदाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो आणि सामान्य स्पीकरचा रोध ४ ओहम. या दोन आकड्यांतून संचातील अॅम्प्लिफायरला प्रत्येक स्पीकरमागे मिळू शकणारी स्वच्छ शक्ती निघते ती जेमतेम २६ वॉट. ही झाली सैद्धान्तिक मर्यादा. व्यवहारात त्याहूनही कमी मिळते. आवाज पूर्णपणे फाटलेला असतानाच पन्नासचा आकडा गाठला जातो. ग्राहकांची ही दिशाभूल टाळण्यासाठी अमेरिकेत २००३ मध्ये सीईए-२००६ हे मापनाचे मानक ठरविण्यात आले. त्यानुसार १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्यापर्यंतची विकृती या अटींवरच शक्ती सांगावी लागते. खरेदी करताना हा आकडा किंवा ‘आरएमएस’ असा उल्लेख पाहावा.

शक्ती दुप्पट केली, तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. याउलट, ८९ डेसिबल संवेदनक्षमतेचा स्पीकर काढून ९२ डेसिबलचा बसविला, तर अॅम्प्लिफायर न बदलता तितकाच लाभ होतो. जुन्या गाडीच्या अल्टरनेटरवर भार टाकण्यापूर्वी हा स्वस्त मार्ग वापरावा.

बॅटरी आणि फ्यूज

स्वतंत्र अॅम्प्लिफायर बसवायचा झाल्यास विजेचा हिशेब आधी मांडावा लागतो. प्रत्येकी ५० वॉटच्या चार वाहिन्या म्हणजे एकूण २०० वॉट. जुन्या एबी वर्गाचा अॅम्प्लिफायर पूर्ण आवाजात यासाठी सुमारे ४०० वॉट, अर्थात २९ अॅम्पिअर वीज ओढतो. डी वर्गाच्या अॅम्प्लिफायरला तेवढ्याच कामासाठी सुमारे १८ अॅम्पिअर पुरतात. तो आकाराने लहान असतो आणि कमी तापतो. लहान गाडीसाठी म्हणूनच तो योग्य ठरतो.

एमएक्स-५ ची बॅटरी बॉनेटखाली नसून डिकीत आहे. अॅम्प्लिफायरही डिकीतच बसविला, तर जाड वायर संपूर्ण गाडीतून ओढावी लागत नाही. या अंतरासाठी ८ गेजची शुद्ध तांब्याची वायर पुरेशी होते. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर टाळावी. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असला पाहिजे. अॅम्प्लिफायरमध्ये फ्यूज असतोच, मग दुसरा कशाला, असा प्रश्न विचारला जातो. पण बॅटरीजवळचा फ्यूज अॅम्प्लिफायरसाठी नसतो, तो वायरसाठी असतो. ही वायर पत्र्यावर घासून उघडी पडली, तर मध्ये फ्यूज नसताना बॅटरीची सारी शक्ती त्या एका जागी उतरते आणि आग लागते. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडविण्याचा नियमही त्यासाठीच आहे.

डिकीतील या बॅटरीतून निघणारा वायू नळीद्वारे बाहेर सोडलेला असतो. बॅटरी बदलताना ही नळी पुन्हा जोडली जाणे सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहत असल्यास बंद संचही बॅटरी रिकामी करतो. केवळ ५० मिलिअॅम्पिअरचा निचरा दिवसाला १.२ अॅम्पिअर-तास होतो. ३५ अॅम्पिअर-तासांची बॅटरी त्यामुळे दोन आठवड्यांत जवळजवळ निम्मी रिकामी होते.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ स्पीकरमधून येऊ लागली, तर सांगाड्याची जोडणी सदोष आहे, असे समजावे. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर ती घट्ट बसवावी. संकेत नेणारी वायर आणि विजेची वायर गाडीच्या दोन वेगवेगळ्या बाजूंनी न्यावी.

जड पेटीचा मोह

खर्जासाठी डिकीत मोठी लाकडी सब-वूफर पेटी ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. जपानमधील मूळ एमएक्स-५ चे वजन केवळ ९४० किलो होते. प्रमुख अभियंता तोशिहिको हिराई यांच्या पथकाने पुढच्या व मागच्या चाकांवरील भार जवळपास समान राहील, असा प्रयत्न केला होता. घोडा आणि स्वार एकरूप व्हावेत, ही त्यांची कल्पना होती. अशा गाडीच्या मागच्या टोकावर जड पेटी ठेवणे म्हणजे ती ज्यासाठी घेतली, तेच बिघडविणे होय. शिवाय बंद डिकीतला आवाज आत पुरेसा पोचतही नाही. सीटखाली किंवा पायांजवळ मावणारा छोटा, स्वतःचा अॅम्प्लिफायर असलेला सब-वूफर हा मधला मार्ग ठरू शकतो.

जुना चेहरा जपून

एमएक्स-५ च्या डॅशबोर्डमधील जागा दोन डिन मापाची, म्हणजे सुमारे १८० गुणिले १०० मिलिमीटरची आहे. त्यामुळे आजचे संच तेथे कापाकाप न करता बसतात. मात्र, उघड्या छतात उन्हाने पडदा दिसेनासा होतो. बोटांना जाणवणारी खरी बटणे असलेला संच अशा गाडीत अधिक सोयीचा असतो.

मूळ रेडिओ तसाच ठेवायचा असल्यास डिकीत लपविता येणारा ब्लूटूथ अॅम्प्लिफायर हा पर्याय आहे. जुन्या गाड्यांचे मूल्य कंपन्यांनीही ओळखले आहे. पोर्शने २०२० मध्ये जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डला शोभेल असा, तरीही फोनशी जोडला जाणारा संच बाजारात आणला. माझदाने २०१७ मध्ये जपानमध्ये पहिल्या पिढीच्या रोडस्टरच्या जीर्णोद्धाराची योजना जाहीर केली आणि काही मूळ सुटे भाग पुन्हा तयार केले. अशा काळात काढलेला रेडिओ, स्पीकर, जाळ्या व स्क्रू नावे लिहून डब्यात जपून ठेवणे शहाणपणाचे ठरते. मूळ भागांसह असलेल्या गाडीला खरेदीदार अधिक पसंती देतात. दाराचे कापलेले आवरण मात्र परत मिळत नाही.

शेवटची जुळवणी

चालक एका दाराजवळ बसतो. दुसऱ्या दारातील स्पीकर त्याच्यापासून ७० सेंटिमीटर अधिक दूर असल्यास तेथील आवाज सुमारे २ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि गायक बाजूच्या दारातच उभा असल्यासारखा वाटतो. आधुनिक संचात जवळच्या स्पीकरला तितकाच विलंब देण्याची सोय असते. ही जुळवणी गाडी उभी असताना करावी. खर्जाची पातळी मात्र नेहमीच्या वेगाने चालताना सहप्रवाशाकडून ठरवून घ्यावी.

याबरोबरच कानांचाही विचार हवा. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. त्यावर दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९४ डेसिबलला ती अवघी एक तास उरते. उघड्या गाडीत वाऱ्याचाच गोंगाट मोठा असतो आणि त्यावर मात करण्यासाठी संगीत वाढविले, की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. महामार्गावर लांबचा प्रवास करताना बाजूच्या काचा वर घ्याव्यात किंवा छत लावावे. तेवढ्यानेही आवाजाचे बटण बरेच मागे फिरविता येते.