भातवडी जिंकल्यानंतरचं वर्ष

आयोजकांनी विषय दिला तो असा: सांघिक काम, गुणी माणसं सांभाळणं आणि नोकरीत स्वतःची वाढ. आम्ही पडलो इतिहासाचे विद्यार्थी, व्यवस्थापनाचे धडे देण्याचा आमचा अधिकार नाही. पण ह्याच जिल्ह्यात, नगरच्या पूर्वेला पंधरावीस किलोमीटरवर, ह्या तिन्ही गोष्टी एका लढाईत आणि तिच्यानंतरच्या एका वर्षात घडून गेल्या आहेत. ते गाव भातवडी. साल 1624.

भातवडीकडे जाण्याआधी वाटेवरच्या शहा डोंगराकडे एकदा बघा. वर ती तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते. नगरात कुणालाही विचारा, उत्तर मिळेल, ‘चांदबीबीचा महाल.’ प्रत्यक्षात ती कबर आहे, मुर्तजा निजामशहाचा कारभारी सलाबतखान याची. भातवडीच्या तलावाचं श्रेयही याच सलाबतखानाला दिलं जातं. म्हणजे बांधलं एकाने, झोपलाय तोच, आणि नाव दुसऱ्याचं! हे हसण्यावारी नेऊ नका, कारण आजची सगळी गोष्ट श्रेयाचीच आहे.

मलिक अंबर हा जन्माने हबशी. 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या एका व्यापाऱ्याने त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढे तो दख्खनला आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगीझखान स्वतः हबशीच होता असं मानतात. त्याच्या पदरी असे शेकडो हबशी होते. त्यांतून कामाचा माणूस कोणता हे ओळखायची त्याला नजर होती. अंबरला शिपाईगिरी आणि दरबारचा कारभार दोन्ही इथेच शिकायला मिळालं.

मग काय झालं? 1574 मध्ये चंगीझखानाने निजामशहासाठी वऱ्हाड जिंकलं. अख्खा मुलूख मिळवून दिला म्हणजे शाबासकी मिळायला हवी. उलट धन्याचे कान भरले गेले, की हा आता वऱ्हाडात स्वतंत्र होणार. शहाने त्याच्यावर विषप्रयोग करवला. अंबर तेव्हा पंचविशीत होता. मोठा विजय मिळवणाऱ्या माणसाकडे धनी कसा बघायला लागतो, हे त्याने इतक्या जवळून पाहिलं. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा.

मालक गेला तसा अंबर मोकळा झाला, पण पोटापाण्याचं काय? काही वर्षं विजापूरच्या चाकरीत काढली. तिथे पुरेसा पाठिंबा मिळेना, तेव्हा 1595 च्या सुमारास आपली माणसं घेऊन तो पुन्हा निजामशाहीत आला. दीडशे स्वार एवढीच पुंजी. आजच्या भाषेत नोकरी बदलली म्हणा, आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. 1600 मध्ये चांदबीबी आपल्याच माणसांकडून मारली गेली, नगरचा किल्ला मोगलांनी घेतला. निजामशाही संपली असंच दिल्ली-आग्र्याला वाटलं असेल. अंबरने घराण्यातला एक मुलगा शोधून त्याला दुसरा मुर्तजा म्हणून गादीवर बसवलं आणि राज्य पुन्हा उभं केलं. पुढची पंचवीस वर्षं मोगलांना त्याने स्वस्थ बसू दिलं नाही. जहांगीर इतका चिडला की अंबरच्या छाटलेल्या डोक्यावर आपण बाण मारतोय असं चित्र त्याने अबुल हसनकडून काढून घेतलं. प्रत्यक्षात ते डोकं त्याच्या हाती कधी लागलं नाही.

हे जमलं कसं? एकट्याच्या जोरावर नाही. अंबरकडे हबशी होते, दख्खनी मुसलमान होते आणि मोठ्या संख्येने मराठे होते. जाधव, भोसले ही घराणी त्याच्या काळात लष्करात वर आली. डोंगर, ओढे, खिंडी यांची माहिती मराठ्यांना. चपळ घोडी त्यांच्याकडे. तेव्हा समोरासमोर मैदानी लढाई टाळायची, रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, अशी रीत त्याने बसवली. ज्याला जे येतं तेच काम त्याला. जमिनीची प्रतवारी लावून सारा ठरवण्याची त्याची ‘मलिकंबरी’ पद्धतही गावच्या पाटील-कुलकर्ण्यांना सोबत घेऊनच चालली. बाहेरून आलेल्या माणसाने इथल्या माणसांचा हा उपयोग ओळखला, हे आम्हाला त्याचं सर्वांत मोठं काम वाटतं.

आता 1624 ची भातवडी. मोगल आणि विजापूरकर एकत्र झाले होते. अंबरचा पाठलाग करत दोघांच्या फौजा नगर भागात आल्या. अंबर भातवडीपाशी थांबला आणि त्याने तलावाचा बांध फोडला. मेहकरी नदीच्या काठचं रान चिखल होऊन गेलं. भरीला पाऊस. अवजड तोफा, हत्ती, बाजारबुणगे सगळे अडकले. दाणागोटा बंद पडला, रात्री मराठ्यांचे छापे, उपाशी शिपाई पळून अंबरकडे यायला लागले. मग एके दिवशी एकदम हल्ला झाला. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला, बडे बडे मोगल सरदार कैद झाले.

ह्या लढाईत शहाजीराजे आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी अंबरच्या बाजूने होते. शरीफजी तिथेच पडले. शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव मात्र समोर, मोगलांच्या बाजूला. तेही पूर्वी निजामशाहीतच होते. 1616 च्या सुमारास अंबरला सोडून गेले होते. सासरा-जावई समोरासमोर आले, हे आपण नेहमी रंगवून सांगतो. पण अंबरने एवढा मोठा सरदार आधीच गमावला होता, हे मात्र आपण सांगत नाही.

विजय कुणाचा? इथेच गंमत आहे. विजापूरच्या बाजूने लिहिलेल्या फारसी तवारिखेत डाव अंबरचा, डोकं अंबरचं. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त, जे शिवाजी महाराजांच्या आश्रयाने संस्कृतात लिहिलं गेलं, भोसल्यांचा पराक्रम पुढे येतो. दोन्ही लेखक आपापल्या जागी खरे असतील. बांध अंबरने फोडायला लावला, आणि चिखलापलीकडे जाऊन तलवार चालवली दुसऱ्यांनी. आम्ही नोकरी करत होतो तेव्हा एका कचेरीत अहवाल आम्ही लिहायचो आणि सही साहेबांची असायची. साहेबही काही अगदीच रिकामे नव्हते, हे आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं!

लढाईनंतर वर्षभरात शहाजीराजे अंबरला सोडून विजापूरला गेले. ज्या राज्याच्या सेनापतीला भातवडीला मारलं, त्याच राज्यात इब्राहीम आदिलशहाने त्यांना सरलष्कर केलं. का गेले? इतिहासकार भाऊबंदकीचं कारण देतात, विठोजींच्या मुलांशी बिनसलं म्हणून. आणि दुसरं कारण, विजयानंतर शहाजींचं वाढतं वजन अंबरला खुपू लागलं. आम्हाला दुसरं कारण जास्त पटतं, आणि खंतही त्याचीच वाटते. चंगीझखानाचं काय झालं हे ज्याने तरुणपणी पाहिलं, तोच पन्नास वर्षांनी धन्याच्या जागी बसून तसाच वागला. विष नाही दिलं, एवढाच फरक. आपण ज्यातून गेलो ते दुसऱ्याच्या वाट्याला येऊ देणार नाही, असं सगळेच ठरवतात. खुर्चीवर बसल्यावर जवळचा कर्तबगार माणूस मदतनीस न वाटता वारसदार वाटायला लागतो. अंबरचा स्वतःचा मुलगा फत्तेखान होता, हेही मनात धरा.

1626 च्या मे महिन्यात अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याच्यानंतर राज्याची घडी फार दिवस टिकली नाही. लखुजी परत निजामशाहीत आले, तर 1629 मध्ये भर दरबारात मुलांसह त्यांना ठार मारण्यात आलं. 1633 मध्ये दौलताबाद पडलं आणि फत्तेखान मोगलांकडे गेला.

शहाजीराजे मधल्या काळात विजापूर, निजामशाही, मोगल असे फिरले होते. निजामशाही बुडाली म्हटल्यावर त्यांनी काय केलं? निजामशाही घराण्यातला एक लहान मुलगा शोधला. ह्याच जिल्ह्यात संगमनेरजवळ पेमगिरीचा किल्ला आहे, तिथे त्याला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने कारभार हाती घेतला. मुलगा इतका लहान होता की त्याला मांडीवर घेऊन राजे तख्तावर बसले, असं सांगतात. 1600 साली अंबरने केलं होतं तेच, तसंच. समोर मोगल आणि विजापूर दोन्ही असताना हे राज्य तीन वर्षं चाललं. 1636 मध्ये माहुलीच्या किल्ल्याला वेढा पडला, तो मुलगा मोगलांच्या हवाली करावा लागला आणि शहाजीराजे पुन्हा विजापूरच्या चाकरीत गेले.

पेमगिरीला आम्ही गेलो होतो तेव्हा वर दोन-चार टाकी आणि पडके चौथरे एवढंच दिसलं. पाणी मात्र होतं. जाल तर पावसाळा संपल्यावर जा, आणि येताना भातवडीवरून या. शरीफजींची समाधी तिथे आहे.