खेळायची फी कशाला? बोर्डीच्या अंगणातली गोष्ट

लोकलच्या गर्दीत ज्यांचा एपिसोड अर्धाच ऐकून झाला, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय.

गेल्या आठवड्यात भाच्याला आणायला त्याच्या नर्सरीत गेलो होतो. भाईंदरमध्ये एका चर्चच्या आवारात ती भरते. आमचे साहेब मातीत बसून शिंपल्यांची रांग लावत होते. टीचर शेजारी बसून एवढंच विचारत होत्या, "आता याच्यापेक्षा मोठा कुठला?" घरी आल्यावर ताई वैतागली. "शेजारचा पोरगा एबीसीडी लिहितो, आणि आपण खेळायची फी भरतोय!"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून शोधायला बसलो.

आधी चर्चचं बघू. फ्रीडरिक फ्रोबेल हा जर्मनीतल्या एका पाद्रीचा मुलगा. 1837 मध्ये त्याने लहान मुलांची शाळा काढली आणि 1840 मध्ये तिला नाव दिलं 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग. चेंडू, ठोकळे, गाणी हाच अभ्यास. 1851 मध्ये प्रशियाच्या सरकारने या शाळांवर चक्क बंदी घातली! पण कल्पना थांबली नाही. पुढे मिशनच्या शाळांमधून ती भारतातही आली.

आता आपल्याकडे या. 1920 मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांनी बालमंदिर सुरू केलं. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक तिथे जाऊन त्यांच्यासोबत काम करू लागल्या. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. मॉन्टेसरी पद्धत त्यांना पटली होती, पण एक अडचण होती. ती लाकडी साधनं महाग. मग गरिबाच्या मुलाने काय करायचं?

उत्तर मिळालं आपल्याच रेल्वे लाइनवर. भाईंदरची खाडी ओलांडा, विरार, डहाणू मागे टाका, घोलवडला उतरा. जवळच बोर्डी. 1945 मध्ये ताराबाई तिथे गेल्या, वयाच्या 53 व्या वर्षी. सोबत 35 वर्षांच्या अनुताई वाघ. अनुताई बालविधवा, शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्या.

बालवाडी उघडली, पण वस्तीवरची मुलं येईनात. मग या दोघींनी उलटं केलं. मुलं शाळेत येत नाहीत ना, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची. अंगणातली बालवाडी, म्हणून अंगणवाडी! साधनंही तिथलीच: बिया, खडे, शिंपले, पानं, माती. चिंचोके मोजले की गणित, पानं लावली की आकार, गोष्ट सांगितली की भाषा.

नीट बघा, हा नुसता मोकाट खेळ नाही. काय मांडायचं ते बाई ठरवतात, त्याचं काय करायचं ते मूल ठरवतं. मधे एखादा प्रश्न टाकायचा आणि गप्प बसायचं. फळ्यावर अक्षरं लिहून 'गिरवा' म्हणण्यापेक्षा हे कितीतरी अवघड. प्रत्येक मूल कुठे अडलंय त्यावर लक्ष ठेवावं लागतं.

पुढे 1957 च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांमध्ये. मुली शाळेत येत नव्हत्या, कारण कडेवर धाकटं भावंड असायचं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तिचं नाव विकासवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा थेट कुरणात नेली, ती कुरणशाळा.

2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. पण खरं सांगा, अंगणवाडी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? खिचडी, वजनकाटा, लसीकरण. हे सगळं हवंच. पण शिंपले कुठे गेले?

ताईला हे सगळं सांगितलं. म्हणाली, "ठीक आहे, पण पहिलीत गेल्यावर लिहिता आलं नाही तर?" भीती खोटी नाही. पण रांग लावताना ती बोटं तेच शिकतायत, जे उद्या पेन्सिल धरताना लागणार आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते सहा या वयासाठी खेळातूनच शिकणं सांगितलंय.

ताईला अजून पूर्ण पटलेलं नाही. पण रविवारी उत्तनच्या किनाऱ्यावरून येताना भाच्याचे दोन्ही खिसे शिंपल्यांनी भरलेले होते, आणि या वेळी तिने ते फेकायला लावले नाहीत.

तुम्ही बालवाडीत काय खेळलात? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!