काळीचा कागद आणि पांढरीची भिंत

लोहारा तालुक्यातील माकणी हे गाव जिल्ह्याबाहेरच्या लोकांना ठाऊक असते ते निम्न तेरणा धरणामुळे. तेरणेच्या याच टापूत सास्तूर आहे, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडली की किल्लारी. विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत या भागात शासनाला एकच प्रश्न दोनदा विचारावा लागला : हे घर कोणाचे? एकदा पाणी येणार होते म्हणून, आणि एकदा घरच उरले नव्हते म्हणून. दोन्ही वेळा उत्तर द्यायला गावाजवळ पुरेसा कागद नव्हता. त्याचे कारण मात्र बरेच जुने आहे.

आपल्याकडे गावाची जमीन दोन रंगांत मोजली जाते. काळी म्हणजे कसण्याची, पांढरी म्हणजे वस्तीची. काळीवर सारा बसे, म्हणून तिचा इंच न् इंच राज्यकर्त्यांनी मोजला. हा भाग निजामाच्या राज्यात होता. सालारजंगांच्या काळात तेथे जिल्हे आखले गेले आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची पाहणी होऊन शेताला क्रमांक व खातेदार मिळाला. पांढरीवर सारा नव्हता, म्हणून तिची नोंद ठेवण्याची निकड कोणालाच वाटली नाही. घराची मालकी म्हणजे भिंत, उंबरा आणि शेजाऱ्याची आठवण. ढेलज कोणाची, बळद कोणाच्या वाट्याला, पाणवठ्याकडची बोळ सामाईक की खासगी, हे सगळे तोंडी चाले. ही व्यवस्था अडाणी होती असे मला वाटत नाही. माणसे एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, तोवर ती नीट चाललीही.

१९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची. तिच्या कलम १२२ नुसार गावठाणाची हद्द ठरते, तर कलम १२६ नुसार गावठाणातील घरजागांची मोजणी करता येते. प्रत्यक्षात ही मोजणी मुख्यतः दोन हजारांहून अधिक लोकसंख्येच्या गावांपुरती राहिली. लहान गावाच्या घरमालकाकडे असे ते ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चे पान. पण ते कर आकारणीचे पान आहे. न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे की त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. गावात मात्र आजही 'आठला नाव लागले' म्हणजे घर आपले झाले, असेच समजतात.

धरणाच्या भूसंपादनात हा फरक पहिल्यांदा पैशात मोजला गेला. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात शेतजमिनीचा मोबदला सातबाऱ्यावरून सुरू होई. घराचा मोबदला मात्र दगड, माती आणि लाकूड यांच्या मूल्यांकनावरून ठरे, आणि तो कोणाला द्यायचा हा वाद निराळाच. दरम्यान ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून निघून अनुच्छेद ३००-अ मध्ये गेला होता. विस्थापितांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट बारीक अक्षरांत होती. निवाड्याची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवड्यांत कलम १८ खाली अर्ज केला, आणि पैसे हक्क राखून घेतले, तरच वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयात जाता येई. ज्याने मुकाट्याने अंगठा उठवला, त्याची वाट बंद. १९८४ च्या दुरुस्तीने कलम २८-अ आणून ती थोडी उघडली : शेजाऱ्याला न्यायालयाने वाढ दिली, तर तीन महिन्यांत आपणही मागू शकतो. पण त्यासाठी शेजाऱ्याचा निकाल लागल्याचे कळायला हवे.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे कोसळली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाला धरणाचे पाणी कारण झाले का, यावर तज्ज्ञांत बराच वाद झाला. तो येथे बाजूला ठेवू. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा प्रचंड कार्यक्रम उभा राहिला आणि पूर्ण उद्‌ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी बसवायचे ठरले. घर किती मोठे द्यायचे? भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या खातेदाराला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्यापुढे ७५०.

या तक्त्याकडे जरा थांबून पाहावे. पडलेले घर केवढे होते, हे त्यात कुठेच नाही. आहे ती शेतजमीन. यामागे प्रशासनाची सोय होतीच, शिवाय शेतीची अवजारे, धान्य, जनावरे यांना जागा लागते हाही विचार असणार. पण मला दिसते ते असे की पांढरीचा हक्क काळीच्या कागदावरून ठरवावा लागला, कारण विश्वासाने उघडता येईल असे दप्तर तेवढेच होते. सुताराचे किंवा सोनाराचे प्रशस्त घर, ज्याच्यामागे एक गुंठाही शेत नव्हते, या हिशेबात २५० फुटांचे झाले. आणि नवी गावे वसली ती संपादन केलेल्या शेतजमिनींवर, म्हणजे पांढरी उठून काळीवर गेली. तेथे मात्र घरांना आखीव भूखंड आणि क्रमांक मिळाले. 'कबाला' हा जुना दरबारी शब्द त्या निमित्ताने पुन्हा लोकांच्या तोंडी आला. घर मिळाले पण कबाला मिळाला नाही, ही तक्रार भूकंपग्रस्त गावांतून पुढे वर्षानुवर्षे ऐकू येत राहिली.

त्याच धामधुमीत, २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रात हिंदू वारसा कायद्यातील एक दुरुस्ती लागू झाली. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः हिस्सा मिळाला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून. राहत्या घराबाबत तर १९५६ च्या कायद्याचे कलम २३ कायमच होते : भावांनी वाटणी करायचे ठरवल्याशिवाय बहिणीला ती मागता येत नसे. ते कलम २००५ मध्ये गेले. ढिगाऱ्यातून वाचलेल्या विवाहित मुलीला, माहेरचे सगळे गेले असतील तर वारस म्हणून, आणि भाऊ उरला असेल तर जवळजवळ काहीच नाही, असा तो काळ होता.

उरलेल्या, जागच्या जागी राहिलेल्या गावांची मोजणी फार उशिरा आली. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना जाहीर केली. आधी घरांच्या कडेने चुन्याच्या रेघा ओढतात, मग वरून छायाचित्र घेतात, आणि चौकशी अधिकारी हक्काची चौकशी करून सनद व मिळकत पत्रिका देतात. दोन भावांच्या घरांमधली सामाईक भिंत वरून एकच रेघ दिसते. तिची निम्मी रुंदी कोणाची, हे चौकशीतच सांगावे लागते. पुण्या-मुंबईला गेलेल्यांनी आणि सासरी नांदणाऱ्या बहिणींनी त्या वेळी हजर राहावे, निदान लेखी हरकत द्यावी. नंतर अपिलाची वाट उरते, पण ती जिल्ह्याच्या गावी जाते आणि तारखांनी भरलेली असते.